नदीपलीकडचं पुस्तक

माझ्या वडिलांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हा मी ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर रांगेत उभा होतो. संगमनेरला घरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिसऱ्या दिवशीच नाशिकला जाऊन आला होता आणि तिथल्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याचा लेख लिहून आला होता. आमच्याकडे ही रीत आहे. अस्थी घेऊन जाणाऱ्याने त्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं: गाव कोणतं, गेलं कोण, मुलं कोण, नातवंडं कोण. खाली सही. आजोबांच्या आजोबांपासूनचे लेख त्या वहीत आहेत.

बरोबर गेलेल्या चुलतभावाने मला मोरीपाशी हात धुताना सांगितलं, "तुझं नाव नाही लिहिलं रे दादाने. मी उभा होतो ना मागे."

दहाव्याला घाटावर चाळीसएक माणसं पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होती. तिथे मी दादाला जे बोलायचं ते बोललो. कावळा त्या दिवशी फार उशिरा शिवला. माझ्या आवाजाने पळाला असं लोक म्हणाले. दादा एक शब्द बोलला नाही. तो शाळेत मास्तर होता, गप्प बसून समोरच्याला लहान करायची कला त्याला येत होती. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मी उशिरा का पोचलो तेही सांगतो, म्हणजे कोणी दुसऱ्याने सांगायला नको. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या हागेनजवळ एका बंद पडलेल्या कारखान्याचा लिलाव होता. दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन मला हवं होतं, आणि तिघं गिऱ्हाईकं नाशिकच्या सातपूरला खोळंबली होती. एक दिवस थांबलो. मशीनं मिळाली.

माझा धंदा हा असा. आयटीआयचा टर्नर मी. सातपूरच्या एमआयडीसीतून एक मशीन बसवायच्या कामाला सहा महिन्यांसाठी इकडे आलो आणि राहिलो. बंद होणाऱ्या जर्मन वर्कशॉपमधली जुनी मशीनं घ्यायची आणि नाशिक-कोल्हापूरला धाडायची. ड्युसेलडॉर्फच्या गणपतीत आपली माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीत?" मी म्हणतो, "माझ्या." मग ते जरा वेळ माझ्या बुटांकडे बघतात आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागतात.

तर एका वसंतात मला खबर लागली की एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, अर्ध्या तासावरच्या एका गावात एक म्हातारा आयरिश टूलमेकर वर्कशॉप बंद करतोय आणि त्याच्याकडे गोल ग्राइंडिंगचं एक मशीन आहे. गेलो. घराच्या मागच्या अंगणात कौलारू शेड, आत तेलाचा वास, आणि ते मशीन. चाळीस वर्षांचं, पण बेडवर, म्हणजे सरकपट्टीवर, नख फिरवलं तर एक ओरखडा लागत नव्हता. असं मशीन दिसलं की मी चेहरा आंबट करतो. त्या दिवशीही केला, दोनदा घड्याळ बघितलं, आणि दाराकडे निघालो. समोरचा इथे हाक मारतो.

म्हाताऱ्याने हाक मारली नाही. मी वळून बघितलं तर तो माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होता. मग कळलं. त्याच्या नजरेच्या मधोमध काळा डाग होता, माणूस बघायचा तर त्याला डोळे बाजूला न्यावे लागत. माझा आंबट चेहरा फुकट गेला होता.

"तू मशीनवरची पाटी वाचलीस," तो म्हणाला. त्याचं जर्मन पन्नास वर्षं इथे राहूनही पावसात भिजल्यासारखं होतं. "नंबर पुटपुटलास. ती पाटी घासून गुळगुळीत झालीय. माझ्या मुलीला भिंगातून वाचता आली नाही."

"घासलेल्या पाट्या वाचणं हेच माझं काम आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "मग किंमत नंतर बोलू. आधी मला एक पुस्तक वाचून दे."

त्याने मला स्वयंपाकघरात नेलं, कॉफी दिली, आणि संगणक उघडला. आयर्लंडच्या चर्चची जुनी पुस्तकं नुकतीच इंटरनेटवर फुकट बघायला मिळू लागली होती. एकेका पानाचा फोटो. पण नावांची यादी नाही. एक पान, मग दुसरं, मग तिसरं, असं बघत जायचं. बाप्तिस्म्याची नोंद लॅटिनमध्ये: तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव, आणि मुलाला चर्चमध्ये धरणारी दोन माणसं, म्हणजे त्याचे धर्माचे आईबाप. कुठे शाई उडालेली, कुठे पान फाटलेलं, कुठे पाद्रीबुवांचं अक्षर असं की कोंबडीने चालून दाखवावं.

म्हाताऱ्याचं म्हणणं असं. तो स्वतः जन्माने डब्लिनचा, पण त्याचे आजोबा मेयो परगण्यातले. तिथल्या गावच्या पुस्तकात आजोबांची चार भावंडं सापडतात. आजोबा सापडत नाहीत. ते सगळ्यांत थोरले. डोळे शाबूत होते तेव्हा म्हातारा स्वतः डब्लिनच्या ग्रंथालयात जाऊन तिथली त्या पुस्तकाची प्रत चाळून आला होता. नाहीत. त्यावर त्याचा अमेरिकेतला एक चुलतभाऊ एका लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला होता, तुमचा आजोबा त्या घरचा नव्हताच. कुणाचं तरी पोर सांभाळलं असेल. म्हणून तर चार पुस्तकात आणि एक नाही.

"आजोबा मला मांडीवर घेऊन त्या घराबद्दल सांगायचे," म्हातारा म्हणाला. "नदी, दगडी पूल, घरामागची टेकडी. मला एकदा तिथे जाऊन उभं राहायचंय. पण ते घर आमचं होतं की नव्हतं, हे कळल्याशिवाय मी जाणार नाही. दुसऱ्याच्या घरासमोर काय उभं राहू? आणि डॉक्टर म्हणतो, वर्षभर कडेकडेचं दिसेल. पुढचं सांगता येत नाही."

मला दया आली असं मी म्हणणार नाही. मला ते मशीन हवं होतं.

"किती शनिवार?" मी विचारलं.

"बारा."

"चार."

"चारात पाद्र्याचं अक्षर ओळखीचं होत नाही. दहा."

"सहा. आणि सापडो न सापडो, मशीन मला. त्या हॉलंडच्या दलालाला नाही."

"तुला कसं कळलं हॉलंडचा माणूस येऊन गेला?"

"अंगणात त्याच्या नेहमीच्या डच सिगारेटचं थोटूक आहे. तुम्ही ओढत नाही."

म्हातारा हसला. सहा शनिवारांवर हात मिळवला.

पहिले दोन शनिवार मी त्या गावचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. नावं इतकी सारखी की डोकं फिरायचं. एकाच आडनावाची अर्धी पानं, आणि प्रत्येक घरात तीच चार-पाच नावं. एका पानावर मी ओरडलोच, "हा पाद्री दारू पिऊन लिहायचा!"

"असेल," म्हातारा म्हणाला. "पण लिहायचा तरी."

चार भावंडं सापडली. प्रत्येकाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव होतं, ते त्या गावात दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. थोरला नव्हता. पाच वर्षं आधीपासूनची पानं बघितली. नव्हता.

तिसऱ्या शनिवारी त्याने केकचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तुमच्याकडे अशी पुस्तकं असतात?"

मी नाशिकच्या वहीचं सांगितलं. त्याला फार आवडलं. गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय बरोबर ती वही काढतात, हे त्याने दोनदा विचारून घेतलं.

"मग तुझं नाव आहे त्यात?"

"नाही." आणि मी सगळं सांगून टाकलं. घाट, दहावा, दादा. सहा वर्षांत पत्नीलाही इतकं सलग सांगितलं नव्हतं. परक्या भाषेत सोपं जातं, शब्दांना धार नसते.

"तू बघितलंस? ती वही?"

"चुलतभाऊ तिथे होता. त्याने बघितलं."

म्हातारा बाजूला बघत म्हणाला, म्हणजे माझ्याकडेच बघत, "मलाही चुलतभावानेच सांगितलं होतं."

मी उठलो. खुर्ची मागे पडली ती उचलली नाही. माझ्या घरच्या गोष्टीत नाक खुपसायची गरज नाही, मशीन गेलं खड्ड्यात, असं काहीसं मी बोललो, त्यातलं अर्धं मराठीत. कॉफीचा कप तसाच सोडून स्टेशनवर आलो. गाडी निघून गेली होती. वीस मिनिटं फलाटावर उभा राहून मी स्वतःलाच सुनावत होतो की ते मशीन नाशिकच्या अंबडला कोण कोण घेईल.

घरी पत्नी पोळ्या लाटत होती. ती सांगलीकडची, नगर जिल्ह्यातल्या माणसांच्या रागाला ती फारशी किंमत देत नाही.

"आज लवकर? भांडलात वाटतं म्हाताऱ्याशी."

"तो कोण मला शिकवणार?"

"बरं, नाही शिकवणार. त्यांचे आजोबा सापडले का?"

मी चिडूनच सगळं सांगितलं. चार सापडतात, थोरला सापडत नाही, म्हणे तो त्या घरचा नव्हताच.

तिने पोळी तव्यावर टाकली. "थोरला ना? मग तिथे कसा सापडेल?"

"म्हणजे?"

"अहो, पहिलं बाळंतपण. ती बाई माहेरी गेली असेल. तुमचे दादा कुठे जन्मले?"

"आजोळी. पारनेरला."

"आणि तुम्ही?"

"घरी."

"मग? त्यांच्या आईचं गाव शोधा. कमाल आहे, दोघं पुरुष तीन शनिवार केक खात बसलात आणि एका बाईला विचारलं नाहीत."

मी पोळी हातात घेऊन उभाच राहिलो. आमच्या घरात हे रोजचं होतं. दादाच्या जन्माची गोष्ट आई सांगायची त्यात पारनेरची विहीर असायची, माझ्या गोष्टीत आमचाच माळवदी कोपरा. तो आजोळी जन्मला म्हणून तो आमचा नव्हे असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

चौथ्या शनिवारी मी म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिलो. सौदा तो सौदा. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "खुर्ची मी उचलली."

"तुमच्याकडे पहिलं मूल कुठे होतं? बाईच्या माहेरी?"

तो दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, "माझी थोरली बहीण आजीकडे जन्मली. आईची आई." आणि कपाळावर हात मारला. पन्नास वर्षं जर्मनीत राहून तो एवढं विसरला होता. इथे तर लोक जवळच्या क्रांकनहाउसात, म्हणजे इस्पितळात, जन्माला येतात, एवढंच.

पण तिचं माहेर कोणतं? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजूबाजूला सहा चर्च, सहांची पुस्तकं. उरलेल्या तीन शनिवारांत सगळी पानं वाचणं शक्य नव्हतं. इथे माझं डोकं चाललं, ते सांगायला मी लाजणार नाही. लग्न मुलीच्या चर्चमध्ये लागत असणार, जसं आमच्याकडे मुलीच्या दारात. म्हणजे बाप्तिस्म्याची जाडजूड पुस्तकं सोडून आधी लग्नाची बारीक पुस्तकं बघायची. मी ती उघडली आणि एक गंमत दिसली. वर्षभर एखाददुसरं लग्न, आणि फेब्रुवारीत एकदम पानं भरलेली.

"हे काय? तुमची लग्नसराई?"

"उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आत," म्हातारा म्हणाला. "त्या दिवसांत लग्न नाही लागत. सगळे आदल्या आठवड्यात उरकून घ्यायचे."

"आमच्याकडे चातुर्मास लागायच्या आत उरकतात."

मग फक्त फेब्रुवारीची पानं. पाचव्या शनिवारी, दुपारच्या कॉफीच्या आधी, नदीपलीकडच्या चर्चच्या पुस्तकात ते दोघं सापडले. त्याच्या पणजोबाचं नाव, तिचं नाव, तिचं माहेरचं आडनाव. त्या पानावर त्याच आडनावाची आणखी तीन लग्नं होती. भाऊ, चुलते, कोण असतील ते. आडनावाने भरलेलं माहेर होतं तिचं.

मी लगेच त्याच चर्चचं बाप्तिस्म्याचं पुस्तक उघडायला गेलो. म्हाताऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"आज नको."

"का?"

"नसला तर? एक आठवडा मला असू दे."

त्या वेळी मला त्याचा राग आला. नंतर तो आठवडा मलाच लांब गेला.

सहाव्या शनिवारी त्याने धुतलेला शर्ट घातला होता. मी पानं उलटत गेलो. मार्च, एप्रिल पटापट, मग सावकाश. डिसेंबरच्या पानाला पाण्याचा डाग होता, मधली ओळ अर्धी गेलेली. मी संगणकाचा पडदा जवळ ओढला, उजेड कमी-जास्त केला, डोळे किलकिले केले. घासलेल्या पाटीत आकडा दिसत नाही, आकड्याच्या कडा दिसतात. तसं एक एक अक्षर वर आलं. मुलाचं नाव. बापाचं नाव. आईचं नाव. धरणाऱ्यांत एक बाई, आणि एक पुरुष, आईच्याच आडनावाचा.

"हा मामा," मी म्हणालो. "मुलाला मामाने धरलंय."

म्हाताऱ्याने बोटांवर मोजलं. फेब्रुवारी ते डिसेंबर. "दहा महिने," तो म्हणाला. "सभ्य माणसं होती." आणि मग त्याचा चेहरा रडवेला झाला. तो बाजूला बघत नव्हता, सरळ समोर बघत होता, म्हणजे त्याला काहीच दिसत नसणार.

"पुन्हा वाच."

मी वाचलं. त्याने ती ओळ मला जाड मार्करने, बोटभर उंचीच्या अक्षरांत कागदावर लिहायला लावली. तो कागद डोळ्यांच्या कडेला धरून त्याने स्वतः वाचला, मोठ्याने, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

मशीनची किंमत मग बोललो. त्याने सांगितली ती रास्त होती. मी तरी थोडी कमी करून घेतलीच. न केली असती तर त्यालाही चुकल्यासारखं वाटलं असतं.

कंटेनर भरायला महिना-दीड महिना होता, तोवर मशीन त्याच्याच शेडमध्ये होतं. तेवढ्यात तो मुलीला घेऊन मेयोला जाऊन आला. मी मशीन बांधायला लाकडाच्या फळ्या घेऊन गेलो त्या शनिवारी तो भेटला. रंग लालबुंद, पायात नवे बूट, त्यांना चिखल.

"काय बघितलंत?"

"काही नाही. टेकडी दिसली, कडेकडेने. घर नाही. एक भिंत आहे, तिच्या आत कुणाची तरी गाय उभी होती." तो हसला. "पण पूल आहे. आजोबा सांगायचे तसाच, दगडी. मी अलीकडून पलीकडे गेलो आणि पलीकडून अलीकडे आलो. चार वेळा. मुलगी म्हणाली, बाबा, लोक बघतायत. म्हटलं, बघू दे. माझी पणजी पोटुशी असताना याच पुलावरून गेली आणि तान्ह्याला घेऊन याच पुलावरून आली."

मी फळ्या मोजत राहिलो. मला एकदम आमच्या घरामागची गल्ली, तिच्या टोकाची पिठाची गिरणी आणि तिचा वास आठवला, आणि गिरणीवर पांढऱ्या भुवया घेऊन उभे असलेले वडील, आमचे अण्णा. सहा वर्षांत मी सातपूरला तीनदा जाऊन आलो होतो. तिथून संगमनेर दोन तासांवर. गेलो नव्हतो.

"तुझी वही," म्हातारा म्हणाला. या वेळी खुर्चीवर मी नव्हतो, त्यामुळे पाडायला काही नव्हतं. "टेलिफोन असेल ना त्या लोकांकडे?"

नंबर माझ्याकडे होता. तिसऱ्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी मी तो एका ओळखीच्याकडून मिळवला होता आणि पत्नीला सांगितलं नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे नाशिकला दुपार. त्याच्याच स्वयंपाकघरातून लावला. गुरुजींनी उचलला. मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आजोबांचं, पणजोबांचं नाव सांगितलं, आणि त्या पानाचा फोटो पाठवा म्हणालो.

"फोटो देत नाही आम्ही."

"गुरुजी, मी जर्मनीत आहे."

"असाल की. वही कुठे जात नाही, गंगाही कुठे जात नाही. या तुम्ही."

मी घासाघीस केली. दक्षिणा पाठवतो म्हटलं, फक्त एकच पान म्हटलं, आवाज चढवला, उतरवला. तिकडे ढिम्म. असा माणूस मला आयुष्यात दोनदाच भेटला, आणि दुसरा त्या वेळी माझ्यासमोर कॉफी ओतत होता. शेवटी गुरुजी म्हणाले, "वाचून दाखवतो. थांबा." कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पानांचा.

"हा तुमच्या बंधूंचा लेख. अक्षर सुरेख आहे हो."

"मास्तर आहे तो."

गुरुजी वाचत गेले. गावाचं नाव, वडिलांचं नाव, अस्थिविसर्जनास आलो, माझी मुलं अमुक. मग ते म्हणाले, "'आमचे धाकटे बंधू जर्मनीस आहेत. त्यांचा लेख ते येऊन स्वहस्ते लिहितील.' खाली सही. आणि सहीच्या खाली चार बोटं जागा सोडलीय. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, इथे कोणाला लिहू देऊ नका म्हणून. तुमच्या भावकीतले दोघं येऊन गेले मध्ये, त्यांना मी पुढच्या पानावर लिहायला लावलं. ते धाकटे तुम्हीच ना?"

नाव नव्हतंच. चुलतभाऊ खोटं बोलला नव्हता.

"हॅलो? मी लिहून टाकू का तुमचं नाव? मुलाबाळांची सांगा, लिहितो. यजमान परदेशात असले की करावं लागतं असं."

सहा वर्षं जे हवं होतं ते फोनवर मिळत होतं, घरबसल्या.

"आधीच्या पानावर काय आहे, गुरुजी?"

"आधीचा लेख तुमच्या वडिलांचा. तुमच्या आजोबांच्या वेळचा. जांभळी शाई आहे."

वडिलांचं अक्षर कसं होतं ते मला आठवेना. गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे आठवत होते. पण त्यांनी सलग लिहिलेलं एक वाक्यसुद्धा माझ्याकडे नव्हतं. मी इकडे आलो तेव्हा फोन होते, पत्रं कोणी लिहिली नाहीत.

"लिहू नका," मी म्हणालो. "मी येतो."

फोन ठेवला. म्हाताऱ्याने विचारलं, "काय लिहिलंय?" मी जर्मनमध्ये सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं. दादाने ते वाक्य मला बोलावणं म्हणून लिहिलं की टोमणा म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही. बापाच्या अस्थींना जो पोचला नाही त्याने येऊन स्वतः लिहावं, असाही त्याचा अर्थ होतो. कागदावरच्या ओळींचे दोन अर्थ काढण्यात माझी हयात गेली. पण जागा चार बोटं होती, आणि ती त्याने राखून ठेवायला सांगितली होती. आणि घाटावर, चाळीस माणसांसमोर, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. तेवढा माझा राग अजून आहे.

म्हातारा मशीनला तेल द्यायला म्हणून अंगणात निघून गेला. बांधायला काढलेल्या मशीनला कोणी तेल देत नाही.

मी दादाचा नंबर लावला. पाठ होता. बराच वेळ वाजला.

"कोण?"

"मी."

तिकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

"बोल."

बोलायचं काय ते मी ठरवलं नव्हतं. "त्या गुरुजींच्या वहीत," मी म्हणालो, "लिहायला पेन कुठलं लागतं?"

दादा गप्प राहिला. ही त्याची ती जुनी गप्प बसायची तऱ्हा, असं मला वाटलं आणि कानशिलं तापायला लागली. मग त्याने घसा साफ केला, दोनदा.

"शाईचं," तो म्हणाला. "बॉलपेन चालत नाही त्यांना."

"मी आणतो. इथली पेनं चांगली असतात."

"काही नको. माझ्याकडे अण्णांचं आहे."

"अण्णांचं तुझ्याकडे कसं?"

"मग कुणाकडे असणार? तू होतास का इथे न्यायला?"

"मी नव्हतो म्हणून तू ठेवून घेणार?"

"ये आणि भांड," दादा म्हणाला. "फोनवर भांडायचे पैसे पडतात. कधी येतोस?"